डाव्या बाजूचं

माझ्या मोठ्या नणंदेचा डावा स्तन काढावा लागला, त्याला आता काही वर्षं झाली. मी त्यांना ताई म्हणायची. त्यांनी लग्न केलं नव्हतं. रायपूरच्या शंकर नगरातल्या एका सरकारी ऑफिसात त्या हेड क्लार्क होत्या. बाई असूनही तिथे सगळे त्यांना ‘बडे बाबू’च म्हणायचे. चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरात समोरची खोली त्यांची. सासू-सासरे गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो होतो, त्या, त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे माझा नवरा, आणि मी. एका छपराखाली राहूनही ताईंचं आणि माझं बोलणं कामापुरतं असायचं. गॅस संपला, नळ आला, आज डबा नको. भांडण कधी झालं नाही. त्या मुळातच कमी बोलणाऱ्या, आणि मीही आपण होऊन काही विचारायला जायची नाही.

ऑपरेशन झालं, मग केमो. केस गेले, पुन्हा बारीक बारीक उगवले. सगळं आटोपून त्या ऑफिसात जायला लागल्या तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. एकदा सकाळी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर त्या आरशासमोर उभ्या राहून ब्लाउजमध्ये जुन्या धोतराच्या कापडाची घडी बसवत होत्या. मला पाहून थांबल्या नाहीत.

“पदर राहूनच नाही राहिला,” त्या म्हणाल्या. “एका बाजूनं घसरते.”

मी चहा ठेवला आणि बाहेर आले. त्या हल्ली ऑफिसात जाताना फाइल छातीशी धरून का निघतात, ते मात्र त्या दिवशी समजलं.

मग एक दिवस ती घडी ऑफिसातच पडली. वरच्या कप्प्यातला गठ्ठा काढायला त्यांनी हात उंच केला आणि कापड सरकत खाली आलं. म्हाताऱ्या चपराशानं ते उचललं, झटकलं आणि ‘मॅडम, आपका रूमाल’ म्हणून दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पर्समध्ये टाकलं आणि संध्याकाळपर्यंत खुर्चीवरून उठल्या नाहीत. घरी आल्यावर हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं. मी भाजी निवडत होते. सांगून झाल्यावर म्हणाल्या, “यासाठी काही मिळत असन तर मले आणून दे. मी दुकानात नाही जाणार.”

आधी मीच दुकानात गेले. समता कॉलोनीत दवाखाने पुष्कळ, त्यामुळे पट्टे, वॉकर, कुबड्या विकणारं दुकानही आहे. काउंटरवर दोन पुरुष होते आणि माझ्या मागे गुडघ्याचा पट्टा घ्यायला आलेले एक काका. मी हळू आवाजात सांगितलं. दुकानदारानं बरगड्यांचा पट्टा काढला. मी नाही म्हटलं. मग कमरेचा काढला. तेव्हा मला जरा मोठ्यानं सांगावं लागलं आणि मागचे काका भिंतीवरच्या कुबड्या पाहायला लागले. दुकानदार नजर दुसरीकडे वळवून म्हणाला, असलं काही आमच्याकडे येत नाही दीदी, ऑनलाइन बघून घ्या.

तोवर मी ऑनलाइन मिक्सरचं भांडं आणि चादरी एवढंच मागवलेलं. शनिवारी दुपारी ताईंच्या पलंगावर बसून आम्ही दोघी मोबाइलमध्ये पाहायला लागलो. मी ‘कॅन्सर’ टाकलं तर गुलाबी फितीचे टीशर्ट आणि पाण्याच्या बाटल्या आल्या. ‘ऑपरेशन’ टाकलं तर बाळंतिणीचे पोटपट्टे. ‘कॉटन पॅड’ टाकलं, तर अंगावर पाजणाऱ्या बायांचे पॅड. मग मी सरळ ‘ब्रा’ असं लिहिलं आणि पडदाभर भरल्या छातीच्या तरण्या पोरी हसत उभ्या राहिल्या. ताईंनी माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि उशीवर पालथा ठेवला.

“बंद कर,” त्या म्हणाल्या.

मी बंद केलं. पण स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा उघडलं. एक स्पंजची गोल गादी दिसत होती, ती कशासाठी असेल म्हणून मी तिच्या पानावर गेले आणि खाली खाली जात राहिले. तिथे कुणा मुलीनं इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहून तक्रार केली होती. आईसाठी घेतली, ही कामाची नाही, ज्यांचं ते ऑपरेशन झालंय त्यांनी ‘मॅस्टेक्टॉमी’ या नावानं शोधावं. पुढे तिनं त्या शब्दाचं स्पेलिंगही दिलं होतं.

मी ताईंना जाऊन दाखवलं. त्यांनी तो शब्द एकेक अक्षर लावून वाचला. “डॉक्टर हेच म्हणत होता ना,” त्या म्हणाल्या. खरंच होतं. दवाखान्यात तो शब्द आम्ही कितीदा ऐकला होता. पण घरी कुणी तो उच्चारलाच नाही. आमच्या घरात ते ‘ते ऑपरेशन’ होतं, आणि ‘ते ऑपरेशन’ म्हणून कोणत्याच दुकानात काही सापडत नाही.

तो शब्द टाकल्यावर सगळं समोर आलं. खिसा शिवलेल्या ब्रा, त्या खिशात घालायचे सिलिकॉनचे आकार. पण आता इतकं आलं की त्यातून निवडायचं कसं हा प्रश्न. इथे ताईंची ऑफिसातली सवय कामी आली. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचायला लागल्या. आधी रायपूरचा पिनकोड टाकायला लावला, म्हणजे इथे जे पोचतच नाही ते निघून गेलं. मग माप, मग सुती. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, त्यांचं म्हणणं. चार शब्द एकदम टाकले की भलतंच येते. कौतुक करणारे रिव्ह्यू त्या वाचायच्याच नाहीत, थेट एक तारा देणाऱ्यांकडे जायच्या. “ज्याले त्रास झाला तोच खरं सांगते,” म्हणायच्या. दुकानाच्या फोटोंपेक्षा बायकांनी घरी काढलेले फोटो पाहायच्या. मळक्या भिंतीसमोर धरलेले, ट्यूबलाइटच्या उजेडातले. स्पंजचं हलकं असतं, ते वर चढतं. सिलिकॉनचं जड असतं, पण त्यानं दोन्ही खांदे सारखे राहतात, हे आम्हाला तिथेच कळलं. ताईंचा डावा खांदा वर उचलला गेलाय हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. रोज पाहत होते, तरी दिसलं नव्हतं.

एका बाईनं लिहिलं होतं, भाच्याच्या लग्नात नाचले, तरी आतलं जागचं हललं नाही. ते वाचून ताई हसल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहत होते. “आपल्याले कुठं नाचायचं हाय,” म्हणाल्या, पण मागवलं तेच.

पार्सल आलं त्या दिवशी आम्ही दार लावून घेतलं. त्यांनी ते घालून पाहिलं आणि आरशासमोर नुसत्या उभ्या राहिल्या. बाहेरच्या बाजूला काखेकडे जायला हवं होतं ते टोक आत, मधोमध आलं होतं. उजव्या बाजूचं आलं होतं. मापाच्या खाली एक लहानशी चौकट होती, बाजू निवडायची. ती आम्ही पाहिलीच नाही. इतकं सगळं बारकाईनं वाचून नेमकं तेवढंच राहिलं. ताईंनी ते काढलं, जसं आलं तसं नीट गुंडाळलं आणि माझ्याकडे दिलं.

बदलून घ्यायला माणूस आला तो सकाळचा. नवरा कामावर निघून गेला होता. समोरच्या घरातल्या काकू झाडांना पाणी घालत होत्या. मी फाटकाशी जाऊन पाकीट दिलं. मला वाटलं, तो घेऊन जाईल. पण त्यानं ते तिथेच फाटकावर टेकवून उघडलं. वस्तू फोटोशी जुळवून पाहावी लागते, नाहीतर परत घेत नाहीत, असं तो म्हणाला. त्यानं ते सिलिकॉन बाहेर काढलं, तळहातावर ठेवलं, उलटंपालटं केलं, मोबाइलमध्ये पाहिलं. चेहऱ्यावर कसलाच खट्याळपणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

“ये क्या चीज़ है, दीदी?” त्यानं विचारलं.

मी समोरच्या काकूंकडे पाहिलं. पाण्याच्या पाइपचा आवाज बंद झाल्यासारखा वाटला. तेवढ्यात मागे दार वाजलं. ताई गाऊनवर ओढणी घेऊन पायऱ्या उतरून आल्या. फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि ऑफिसात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, “भैया, वो मेरा है। कैंसर में मेरा निकाल दिए हैं, उसकी जगह लगता है। बाएँ तरफ का चाहिए था, दाएँ तरफ का आ गया।”

त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ते पाकिटात परत ठेवलं, दोन्ही हातांनी, हळूच. मोबाइलवर पटापट काहीतरी दाबलं आणि दुसरं लवकर येईल म्हणाला. गाडीला किक मारेपर्यंत त्यानं वर पाहिलं नाही. समोरच्या काकू आत गेल्या होत्या.

मला वाटलं, ताई आता रडतील. त्यांनी चहा मागितला. चहा पिताना म्हणाल्या, “त्याले तरी काय माहीत असन. सांगितल्याबिगर कसं समजन?”

दुसरं आलं ते बरोबर बसलं. पदर राहायला लागला. फाइल छातीशी न धरता, खाली हातात घेऊन त्या ऑफिसात जायला लागल्या. ते काही महिने चांगले गेले. मी त्यांच्या खोलीत नुसती बसायलाही जायला लागले होते.

मग पाठ दुखायला लागली. दिवसभर खुर्चीत बसणं, आम्हाला वाटलं त्यानंच. आता शोधायचं कसं ते आम्हाला येत होतं. पाठीला टेकायची उशी आम्ही अशी निवडली, की तशी ऑफिसात कुणाकडे नव्हती. माप घेतलं, नावं ठेवणारे सगळे रिव्ह्यू वाचले, उंचीची चौकट दोनदा पाहिली. उशी उत्तम आली. दुखणं थांबलं नाही. शेवटी तपासण्या केल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हाडात उतरलंय.

त्यानंतर आम्ही काय काय शोधलं. मागून उघडणारे सुती गाऊन. निजून पाणी पिता येईल अशी नळीची बाटली. त्या पडल्या पडल्या सांगायच्या, मी टाइप करायची. मध्येच थांबून त्या दुसरंच काही बोलायच्या. लहानपणी रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होते ते, एक स्थळ आलं होतं आणि त्यांनी स्वतःच नाही म्हटलं ते. काहून नाही म्हटलं, असं मी विचारलं नाही. पुढे पुढे त्या काही मागेनाशा झाल्या. मोबाइल घेऊन मी पलंगाजवळ बसायची.

“ताई, काही पाहू का?”

“राहू दे,” त्या म्हणायच्या.

थंडीत, एका दुपारी त्या गेल्या. मी आणि नवरा दोघंही जवळ होतो.

तेराव्यानंतर घर फार मोठं वाटायला लागलं. समोरची खोली मी झाडते आणि दार ओढून घेते. मध्ये एकदा नवऱ्याला कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड हवा होता. तो बराच वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून वैतागला आणि शेवटी मोबाइल माझ्याकडे दिला. मी पिनकोड टाकला, माप टाकलं, नावं ठेवणाऱ्यांची चार वाक्यं वाचली आणि एकावर बोट ठेवलं.

“तुला बरं पटकन सापडते,” तो म्हणाला.

मी हो म्हटलं. कुकर लावायचा राहिला होता, म्हणून उठले.