चांदपाशांचा ड्रम आणि पडद्याचा दांडा

चांदपाशांना काहीही विचारा, उत्तर मिळतं. फक्त ते लगेच मिळत नाही. प्रश्न कानातून आत जातो, वर चढतो, तिथून सावकाश खाली पडतो, पुन्हा वर चढतो आणि पुरता वाळला की मगच तोंडातून बाहेर येतो. तोवर विचारणारा बहुधा निघून गेलेला असतो. मुकुंदवाडीचे भाजीवाले आता सरावलेत. ‘पाशाभाई, कोथिंबीर देऊ का?’ असं विचारून ते बाकीची गिऱ्हाइकं उरकून घेतात.

यात चांदपाशांचा दोष नाही. त्यांनी उभी हयात चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका ड्रमसमोर काढलीय. ड्रम म्हणजे पाण्याचं पिंप नव्हे. रेल्वेच्या टँकरएवढं लोखंडी नळकांडं, किंचित उतरतं आडवं ठेवलेलं, रोलरवर पडून स्वतःभोवती फिरत राहणारं. एका तोंडातून ओली माती आत जाते. आत आगीचा झोत असतो. भिंतीला बसवलेल्या पट्ट्या माती उचलून वर नेतात आणि सरीसारखी खाली सोडतात. अशी चढत-पडत ती दुसऱ्या तोंडाशी येते तेव्हा कोरडीठाक, भुसभुशीत झालेली असते. ड्रमला घाई चालत नाही. चांदपाशांनाही चालेनाशी झाली, एवढंच.

ही माती जाते परदेशात, तिथल्या पाळीव मांजरांच्या शौचासाठी. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा चांदपाशांना वाटलं, शेठ थट्टा करतोय. मग पटलं. आणि पटल्यापासून ती मांजरं त्यांना दिसायला लागली.

ड्रमसमोरच्या बाकावर बसलं की अंगाला ऊब लागते, कानात घरघर भरते, पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपीत धूळ सोन्यासारखी तरंगायला लागते. मग येतात मांजरं. पांढरीशुभ्र, झुपकेदार शेपट्यांची, बर्फ पडणाऱ्या कुठल्याशा गावातली. मातीवर नाजूक पाऊल ठेवतात, हुंगतात, समाधानानं डोळे मिटतात. एखादी वळून बघते, जणू म्हणते, शुक्रिया पाशाभाई, आज काय मस्त वाळलीय! चांदपाशा अदबीनं मान झुकवतात. शेजारी उभ्या मदतनीस कडूबाला वाटतं, चाचांनी आपल्यालाच होकार दिला, आणि तो आग वाढवतो.

कारखान्यात हे खपून गेलं. घरात मात्र नुकसान झालं. मुलगी सदफ एका लॅबमध्ये रक्त तपासते. हुशार, हसरी, बापासारखी मुळीच नाही. तिची दोन स्थळं मोडली, आणि दोन्ही चांदपाशांच्या गप्प बसण्यापायी. पाहुण्यांनी जेवणं झाल्यावर विचारलं, ‘मग पाशाभाई, तुमची मर्जी?’ आणि पाशाभाई फेऱ्यात गेले. पहिले पाहुणे समजले, बापाच्या मनात नाही. दुसरे समजले, या खानदानात बहिरेपणा आहे. चांदपाशांचं ‘व्हय’ बाहेर पडलं तेव्हा पाहुण्यांची रिक्षा सिडको ओलांडून गेली होती.

आता तिसरं स्थळ आलं होतं. मुलगा जुनेद; बापलेकांचं गुलमंडीत घड्याळांचं दुकान. सदफ त्याच्याशी फोनवर बोलली होती. मग आईला म्हणाली, “अम्मी, हे मोडलं तर मला दुसरं दाखवायचं नाय.”

फहमिदाबींनी नवऱ्याला समोर बसवलं. “अजी, मोईनभाईंनी विचारलं की लगीच ‘हां’ म्हणायचं. मांजरं मागून.”

चांदपाशा विचारात पडले.

“म्हणून बघा एकदा. तुमची मर्जी?”

फहमिदाबी स्वयंपाकघरात गेल्या, खलियाच्या मटणाचा मसाला परतला, पातेल्यावर झाकण ठेवलं, तेव्हा बाहेरून ऐकू आलं, “हां.”

“या अल्ला,” त्या म्हणाल्या.

रविवारी दुपारी पाहुणे आले. मोईनभाई, त्यांची बायको यास्मिन आणि जुनेद. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फहमिदाबींनी नवाकोरा लाल पडदा लावला होता. पडद्यामागं सदफ सरबताचा ट्रे घेऊन उभी होती. जुनेद चहाचा कप धरून बिस्किटाकडं बघत होता, पण त्याचं ध्यान पडद्याखाली दिसणाऱ्या पावलांवर होतं.

मोईनभाईंनी धंद्याच्या सवयीनं यजमानाचं मनगट पाहिलं. “पाशाभाई, हातात घड्याळ नाय घालत तुम्ही?”

चांदपाशांनी प्रश्न आत घेतला. फहमिदाबींनी डोळे मिटले. तेवढ्यात फोन वाजला. चांदपाशांना फोन फक्त स्पीकरवर घेता येतो.

“चाचा!” सगळ्या खोलीत कडूबाचा आवाज घुमला. “लाईट गेली! जनरेटर बी चालू होईना! ड्रम सणकून तापलाय अन् जागच्या जागी उभा ऱ्हायलाय! दांडा कुठंय, दांडा?”

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तापलेला ड्रम उभा ठेवायचा नसतो. लोखंड मऊ पडलेलं असतं. आपल्याच वजनानं मधोमध झोल खातं आणि नळकांड्याचं केळ होतं. मग ते भंगारात. म्हणून लाईट गेली की मोटरजवळच्या चाकाच्या भोकात एक लांब लोखंडी दांडा घालायचा आणि गार होईपर्यंत थोडं थोडं हातानं फिरवत राहायचं. तो दांडा चांदपाशांनी गंज काढायला घरी आणला होता. घासून, तेल लावून दाराआड उभा केला होता. आणि विसरले होते.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी प्रश्नाचं उत्तर ताबडतोब दिलं. “इथं हाय. आलोच!”

ते दाराआड गेले. दांडा नव्हता. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. फहमिदाबींच्या चेहऱ्याचा रंग उडाला, आणि त्यांनी नकळत वर बघितलं. चांदपाशांनीही वर बघितलं. असा सरळ, चकचकीत दांडा फुकट मिळाल्यावर कोणती बाई पडद्यासाठी बाजारात जाईल?

“अजी, नका! पाहुणे बसलेत!”

चांदपाशा स्टुलावर चढले होते. दांडा निघाला, पडदा सळसळत खाली आला, आणि ट्रे हातात धरलेली सदफ समोर उभी राहिली. जुनेदचं बिस्कीट चहात तुटून पडलं. ते काढायचं त्याला सुचलं नाही.

“मोईनभाई, माफ करा,” चांदपाशा म्हणाले. “माझा ड्रम वाकतोय.”

फहमिदाबी खुर्चीत बसल्या. हे तिसरंही गेलं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं.

मोईनभाई मात्र उठून उभे राहिले. “बंद पडलेली चीज तशीच सोडून जेवायला बसायचं आम्हांला जमत नाय. गाडी दारातच हाय. चला.”

“मग आम्ही काय इथं भिंत बघत बसायचं?” यास्मिनबी म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

अशी ती वरात निघाली. दांडा गाडीत मावेना, म्हणून काचेतून बाहेर काढला आणि पोलिसांनी अडवू नये म्हणून टोकाला लाल पडदा बांधला. “नवा होता हो,” फहमिदाबी जालना रोडभर म्हणत होत्या. खलियाचं पातेलं त्यांच्या मांडीवर होतं. कशाला घेतलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शेडमध्ये नेहमीची घरघर नव्हती. ती शांतता चांदपाशांना घरात कुणी आजारी असल्यासारखी वाटली. त्यांनी दांडा भोकात घातला, सगळ्यांनी जोर लावला, आणि ड्रमनं झोपेत बदलावी तशी हळूच कूस बदलली. आतली माती सर्रकन सरकली. कडूबानं ड्रमच्या पत्र्यावर खडूनं रेघ ओढली. रेघ पाव फेरा गेली की थांबायचं, दम घ्यायचा, पुन्हा लावायचं.

मधल्या वेळात करायचं काय? लग्नाची बोलणी झाली. जोर लावून झाला की यास्मिनबी घाम पुसत विचारायच्या, “मुलगी रोट्या कशा करते?” फहमिदाबी धापा टाकत म्हणायच्या, “गोल!” पुन्हा जोर. मग, “दुकानाच्या वर राहावं लागंल, चालंल?” पुन्हा जोर. दांड्याच्या टोकाला जुनेद आणि सदफ शेजारी शेजारी होते.

“फोनवर तुमचा आवाज बारीक वाटायचा,” जुनेद म्हणाला.

“तुम्ही ढकलताय की नुसतं धरून उभं राहिलाय?”

“धरून.”

“मला वाटलंच.” पण ती हसत होती.

मोईनभाई रेघेकडं टक लावून होते. जन्मभर चिमट्यानं केसाएवढी चाकं बसवणारा हा माणूस एवढं मोठं चाक पहिल्यांदाच बघत होता. “किती सबुरीनं चालतंय हे,” ते पुटपुटले.

ऊन कलत आलं. ड्रम हात लावण्याजोगा झाला, आणि लाईट आली. कडूबानं बटण दाबलं. घरघर शेडमध्ये परतली. ड्रम सरळ होता, जरासाही झोल नाही. दमलेली मंडळी चांदपाशांच्या बाकावर दाटीवाटीनं बसली. तिरिपीत सोन्याची धूळ उठली. यास्मिनबींचे तर डोळेच मिटले.

मोईनभाईंनी घसा साफ केला. “पाशाभाई, आम्हांला सदफ पसंत हाय. तुमची मर्जी?”

चांदपाशा ड्रमकडं बघत होते.

ड्रममधून मांजरं आली. आज त्यांच्यामध्ये एक लहान मुलगी होती, दोन वेण्यांची, बापाचा डबा घेऊन शेडमध्ये आलेली, गरम मातीवर अनवाणी पाय ठेवून ‘अब्बा, चटकं!’ म्हणून उड्या मारणारी. माती वर चढली, सरीसारखी पडली. सरीपलीकडं ती मोठी झाली. पुन्हा सर पडली. आता ती गुलमंडीतल्या एका माडीवर उभी होती, चहूकडं घड्याळं टिकटिकत होती, आणि बर्फाच्या गावातलं एक मांजर तिच्या पायाशी येऊन बसलं होतं. चांदपाशांचे डोळे भरून आले.

फहमिदाबींनी चिमटा काढण्यासाठी हात पुढं केला.

“राहू द्या, वहिनी,” मोईनभाई हळूच म्हणाले. त्यांनी बोट दाखवलं. खडूची रेघ ड्रमच्या पाठीमागं चालली होती. “फिरतंय अजून. येईल वर.”

सगळे रेघेची वाट बघत बसले. ती खाली गेली, दिसेनाशी झाली, आणि पलीकडून सावकाश डोकं वर काढून समोर आली.

“व्हय,” चांदपाशा म्हणाले.

यास्मिनबींनी सदफला जवळ ओढलं. फहमिदाबी हसल्या, रडल्या आणि पातेल्याचं झाकण उघडलं. कडूबा नान आणायला पळाला. जुनेदनं लाल पडदा दांड्यावरून सोडवला आणि सदफच्या हातात दिला. घरी नेऊन कुणाच्या आड लावायचा, ते आता दोघांनाही कळेना.

नान आले, घास सुरू झाले, रेघ आणखी एकदा फिरून आली. तेव्हा चांदपाशा मोईनभाईंकडं वळले आणि आपलं मोकळं मनगट पुढं केलं.

“नाय घालत,” ते म्हणाले. “इथल्या धुळीनं बंद पडतंय.”