टोल्याचं उत्तर मोबाईलात नव्हतं

डबलबारी म्हणजे भांडण, असं हल्ली लोकांना वाटतं. मी पस्तीस वर्षं पेटी पुढ्यात घेऊन बसलोय, मला विचारा. दोन भजनी मेळे समोरासमोर बसतात, पाळीपाळीनं गातात. एका बुवानं शब्दांचा टोला द्यायचा, दुसऱ्यानं आपली पाळी आली की तो परतवायचा. टोला आणि उत्तर मिळून बारी होते. नुसता टोला म्हणजे शिवी. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण एवढं मला कळतं. कळत असून कसा वागलो ते लिहायला बसलोय.

ज्याच्याशी तसा वागलो, तो समोरचा बुवा नांदगावच्या पलीकडचा. आम्ही दोघं एकाच गुरूकडे शिकलो, एकाच पेटीवर बोटं फिरवली. २००९ साल असावं, कॅमेऱ्याचे मोबाईल नुकतेच गावात आले होते. आचऱ्याजवळ एका मांडवात आमची बारी होती. त्यानं तेव्हा कवळी बसवली होती. माझ्या पाळीला मी म्हटलं, "बुवांनी दात नवे घेतले, सूर मात्र जुनोच ठेवलो. तो पण ढिलो."

मांडव हसला. त्यानं आपली पाळी येईपर्यंत वाट बघितली. मग पेटीवर एक सूर धरून सावकाश म्हणाला, "सूर ढिलो वाटता? मगे गुरूकडे तक्रार कर, बुवा. तुझो नि माझो गुरू एकच. जो सूर माका दिल्यानी, तोच तुका दिल्यानी. माझो माझ्याकडे आसा. तुझो खंय हरवलो?"

माझे कोरसवालेसुद्धा झांजा खाली ठेवून हसले. मी दोन्ही कान धरले आणि त्याला हात जोडले. हरलो होतो, आणि वाईट वाटत नव्हतं.

आठ दिवसांनी चहाच्या हॉटेलात माझ्या पखवाजवाल्यानं मोबाईल पुढे केला. "बुवा, तुमी सगळीकडे पोचलात."

त्यात माझा टोला होता, हसणारा मांडव होता, समोरच्या बुवाचं तोंड होतं. तिथंच संपत होतं.

"पुढचा खंय गेला?"

"पुढचा कोण बघता? मजा इतक्यातच आसा."

मी त्याला परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. खरं तेच लिहितो.

तेव्हा मोबाईलवरचं इंटरनेट आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हतं. माणसं मोबाईलला मोबाईल लावून एकमेकांना द्यायची, तरी महिन्याभरात तालुकाभर झालं. अनोळखी लोक मला हाक मारू लागले. समोरच्या बुवाच्या गावच्यांनी मला घातलेल्या शिव्या मोबाईलात भरून पाठवल्या, आमच्यांनी त्यांना उत्तर पाठवलं. जे कधी बारीला बसले नव्हते ते 'आमचो बुवा, तुमचो बुवा' करू लागले. त्याच्या नि आमच्या गावात सोयरिकी होत्या, तिथं जाणं-येणं थांबलं.

बायको म्हणाली, "अवो, हरलेलात तुमी. मी थंयच बसलेलंय. सांगा की लोकांका."

"माका कोणी विचारूक नाय," मी म्हटलं.

विचारलं नव्हतंच कोणी. आणि पुढच्या बाऱ्यांना मी अभंगाआधी टोले जुळवू लागलो. गाताना किती मोबाईल वर झाले ते बघायचो. हात खाली गेले की जीभ आपोआप तिखट व्हायची.

मग कळलं, समोरच्या बुवानं बाऱ्या घेणं सोडलं. बाजारात पोरंटोरं 'दात नवे' म्हणून ओरडायची, म्हणून तो कवळी घालीनासा झाला. कवळीशिवाय शब्द फुटेनात, तर गाणार काय?

ते ऐकून मात्र मला बसवेना. पुढच्या बारीत मी माईकवर सगळं सांगितलं. त्याचं उत्तर अक्षर न अक्षर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बुवांचा मन मोठा," असं म्हणाले. पखवाजवाला गाडीत म्हणाला, "कशाक खोटा बोललात? सगळ्यांनी बघला हा तां."

आचऱ्याच्या बारीत त्या उत्तराला हाच माझ्या शेजारी बसून हसला होता. तो खोटं बोलत नव्हता. त्याला मोबाईलात होतं तेवढंच आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी मी नांदगावला उतरून बुवाच्या घरी गेलो. तो खळ्यात सुपाऱ्या सोलत होता. मी काल काय केलं ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. दात नसल्यामुळे त्याचं बोलणं मला कान देऊन ऐकावं लागलं.

"बरां केलंस," तो म्हणाला. "पण सहा म्हयने खंय होतंस?"

बारीत उत्तर सुचलं नाही तर नामाचा गजर उचलून वेळ मारून नेता येते. इथं समोर नुसत्या सुपाऱ्या होत्या. त्याच्या सुनेनं आणलेला चहा घेतला आणि निघालो.

परत जायला हवं होतं. त्यानं बोलावलं नाही, म्हणून मी गेलो नाही. तो पुन्हा बारीला बसला नाही, एवढं कानावर येत राहिलं.