शेवटचा शब्द कचरूचा

कचरू बारामतीच्या मार्केट यार्डात हमाल होता. दिवसभर ज्वारीची पोती पाठीवर वाहायची आणि संध्याकाळी जळोचीच्या घरी येऊन अंगणात पाणी अंगावर घेता घेता मोठ्यानं गायचं, हा त्याचा पंचवीस वर्षांचा नेम. जयंतीच्या कार्यक्रमात गायनपार्टीचा मुख्य आवाज त्याचाच असायचा. शेजारची धोंडाबाई म्हणायची, "कचरूभावजी गायला लागलं की मला कळतं, भाकरी टाकायची येळ झाली."

१९९६ च्या फेब्रुवारीत पोतं खांद्यावर असतानाच तो यार्डात कोसळला. सरकारी दवाखान्यात तो महिनाभर होता. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. तोंडात एकच शब्द उरला होता, 'आता'. पाणी हवं असलं तरी 'आता', पाठ दुखली तरी 'आता'. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, तुळसाला, बाजूला घेऊन सांगितलं, की एवढ्यावरच समाधान मानावं लागेल.

मुलगा संघपाल पिंपरीत कंपनीत होता. रजा संपली तसा तो परत गेला. आधी लोक भेटायला यायचे, मग तेही कमी झाले. एप्रिलमध्ये जयंतीला पार्टीतली माणसं प्रेमानं त्याला खुर्चीवर उचलून घेऊन गेली आणि कुणीतरी माईक त्याच्यापुढं धरला. "आता, आता," एवढंच भोंग्यातून घुमलं. पुढं बसलेली पोरं हसली. त्यानंतर दोन दिवस कचरू भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. तुळसानं घास भरवायला हात पुढं केला, की तो ओठ घट्ट मिटायचा.

तिला कधीकधी त्याचा राग यायचा. त्याला उठवून बसवताना तिची कंबर भरून यायची, आणि तो मात्र डोळे मिटून घ्यायचा. घरात दिवस दिवस माणसाचा आवाज नसायचा.

बाजरीच्या सुगीनंतर एका दुपारी ती उंबऱ्याजवळ सुपात बाजरी घोळत बसली होती. तिचं माहेर पळसदेव. तिथं आईबरोबर जात्यावर म्हटलेली ओवी तिच्या तोंडात आपोआप आली.

"माझ्या म्हायेराच्या वाटं, बाभळीची गं सावली..."

हाताला खडा लागला, म्हणून ती थांबली. तेवढ्यात मागून घोगरा आवाज आला.

"उभी येशीपाशी कवाची, वाट बघती माऊली."

तुळसा वळली. कचरू छताकडं बघत होता.

"काय म्हणला? पुन्यांदा म्हणा."

"आता," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिली ओळ पुन्हा गायली. त्यानं दुसरी ओळ गायली. सगळे शब्द स्वच्छ होते. ती पळत जाऊन धोंडाबाईला घेऊन आली. पण बाईला बघताच कचरूनं मान फिरवली, आणि तुळसानं कितीही गायलं तरी त्याचं तोंड उघडलं नाही. धोंडाबाई परत गेली.

मग तुळसानं तो नादच घेतला. दुपारची कामं उरकली, की दार लोटून ती त्याच्याजवळ बसायची. माहेरच्या ओव्या संपल्या तशी ती स्वतः जुळवायला लागली. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, ते आता घेतलं.

"चुलीवरी उकाळला, आलं घालून च्या;
कचरूराव म्हणत्यात, आजून कपभर..."

ती थांबली. कचरूचे ओठ थरथरले.

"द्या," तो सुरात म्हणाला.

तिनं खरंच कपभर चहा दिला. दुसऱ्या दिवशी धोंडाबाईच्या शेळीनं कोथिंबीर खाल्ली, त्याची ओवी झाली. 'शेळीला हाकलायला आली बारामतीची...' म्हणून ती थांबली, तर त्यानं 'गाडी' म्हणून पुरं केलं आणि हसला. आठ महिन्यांत तो पहिल्यांदा हसला होता. अंग तसंच लुळं होतं, पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या, त्या धुताना तो कळवळायचा. पण दुपारचा तो तास दोघांचा होता.

दिवाळीला संघपाल आला. तुळसानं त्याला सगळं सांगितलं आणि बापाशेजारी बसून ओवी म्हटली. कचरू पोराच्या तोंडाकडं बघत राहिला.

"आता," तो म्हणाला.

"आई," संघपाल हळूच म्हणाला, "तू एकटी असतीस दिवसभर. तुला भास व्हत असंल."

तुळसानं चुलीत काटकी सारली आणि त्याला जेवायला वाढलं.

जानेवारीत कचरूला दुसरा झटका आला. त्यानंतर तो गाऊही शकला नाही. पाच दिवस तुळसा उशाशी ओव्या म्हणत राहिली, शेवटचा शब्द मोकळा ठेवून थांबत राहिली. सहाव्या दिवशी सकाळी तो गेला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून माणसं पांगली. संघपालनं दुपारच्या एसटीसाठी पिशवी भरली. धोंडाबाई भांडी परत द्यायला आली होती. ती त्याला म्हणाली, "पोरा, तुजा बाप लई गोड म्हणायचा रं. मदी नुसती कुडाची भिंत. दुपारी मी जेवनाची भांडीबी घासायची न्हाय, आवाज व्हईल म्हणून."

संघपालनं विचारलं, "तुमी ऐकलंय?"

"रोज."

तो पिशवी घेऊन उंबऱ्यावर बसला. त्यानं आईला विचारलं, "माझ्यापुढं का न्हाय म्हणलं?"

"तुला गानारा बाप म्हाईत व्हता," तुळसा म्हणाली. "मोडका आवाज तुज्या कानावर पडू नये, आसं वाटलं आसंल त्यांना."

दुपारची एसटी निघून गेली. संघपाल जागचा उठला नाही. तुळसानं भाकरी केली, दोघं समोरासमोर बसून जेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो पिंपरीला गेला.