वरच्या आळीचे नळ

त्याचं नाव मतदार यादीत असेल तेवढंच. वस्तीत त्याला सगळे 'चावी' म्हणत. खांद्यावर कायम चार फूट लांबीची, वर आडवा दांडा असलेली लोखंडी चावी. रस्त्यातल्या चौकोनी खड्ड्याचं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची, खालच्या व्हॉल्व्हला बसवायची आणि कमरेतनं जोर लावून फिरवायची, की त्या आळीला पाणी सुटलं. चार आळ्या, चार व्हॉल्व्ह, सत्तावीस वर्षं. एवढ्या वर्षांत त्याला कुणी 'बरं झालं पाणी सोडलंस' असं म्हटलेलं त्याला आठवत नाही. शिव्या मात्र पुष्कळ. आमच्याकडं कमी सोडतोस, खालच्यांच्या घरी तुझं जेवण असतं का, असं आळीतल्या बाया तोंडावर विचारत. तोही कमी नव्हता. म्हणायचा, पाणी उताराला जातं, माझ्या सासऱ्याच्या सांगण्यावरनं जात नाही.

वस्ती डोंगराच्या उतारावर. वर जंगल, जंगलाला लागून टाकी, टाकीखाली वरची आळी, मग मधल्या दोन आणि तळाला चौथी. वीज येईल तेव्हा पंप चालायचा, टाकी भरेल तेव्हा पाणी सुटायचं. त्याला वेळ नव्हती. म्हणून लोक नळ उघडेच ठेवत, खाली बादली लावून. आधी नळ फुसफुसायचा, मग खोकायचा, मग धार. त्या आवाजावर बाया हातातलं काम टाकून धावायच्या.

ही सवय लोकांची म्हणावी तर लावली होती चावीनंच. जुनी लाइन. सगळे नळ बंद असले की आत हवा कोंडायची आणि सांधे फुटायचे. फुटलेला सांधा काढायला गुडघाभर चिखलात दोन दिवस बसायचं कुणी? त्यानं. म्हणून तो दारोदार सांगत फिरला होता, नळ उघडे ठेवा, हवेला वाट द्या. ज्याचा बंद दिसेल त्याच्या दारात उभा राहून ओरडायचा. लोक ऐकू लागले. एक तेवढी शिवणमावशी ऐकायची नाही. एकदा तिच्या मशीनखाली ठेवलेली गिऱ्हाइकांची कापडं वाहत्या पाण्यात भिजली, तेव्हापासून तिनं नळ आवळून ठेवला आणि चावीविरुद्ध कचेरीत अकरा अर्ज दिले. बाराव्याचा कागद तयार होता असं म्हणत.

डोंगरामागं दोन दिवस धूर दिसत होता. लोक बघायचे आणि कामाला लागायचे. लांब आहे, वारा तिकडचा आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला वारा फिरला. आधी उन्हाचा रंग बदलला, तांबूस झाला, मग राख पडायला लागली. वाळत घातलेल्या कपड्यांवर, चहाच्या कपात, गाडीच्या काचेवर. भोंगा लावलेली गाडी चारी आळ्यांतनं ओरडत गेली, तासाभरात वस्ती रिकामी करा, तळाच्या चौकात गाड्या उभ्या आहेत.

लोकांचं धाबं दणाणलं. अशा वेळी माणूस काय उचलेल याला नेम नाही. शाळेच्या शिपायानं लग्नातला सूट घातला, त्या उकाड्यात, कारण हातात धरायला जागा नव्हती. एका सुनेनं सासूला खुर्चीसकट उचलून नेलं आणि चौकात गेल्यावर कळलं, सासूचे दात घरीच राहिले. एका बाईनं निघताना अंगण झाडलं. आग येतेय आणि ही झाडतेय, म्हणून नवरा ओरडला, तर म्हणाली, परक्या माणसांनी बघितलं तर काय म्हणतील. आणि सगळ्यांनी एक गोष्ट न चुकता केली. घराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि वरच्या आळीतल्यांनी किल्ली शिवणमावशीकडं दिली. ती दिवसभर घरात मशीनवर बसलेली असायची, म्हणून कामाला जाताना किल्ली तिच्याकडं ठेवायची रीत. त्या दिवशी ती स्वतःच गाठोडं घेऊन चौकाकडं निघालेली, तरी लोक चालता चालता तिच्या हातात किल्ल्या देत होते, लक्ष ठेवा म्हणत होते, आणि तीही घेत होती.

चावीची बायको तळाच्या आळीतनं दोन पिशव्या घेऊन चौकात आली आणि त्याला शोधत राहिली. तो भेटला तो उलट्या दिशेनं, वर चाललेला. आगीचा बंब वरच्या आळीत गेला होता. तिथं आळीच्या मध्यावर, रस्ता वळतो त्याच्या खाली, बंबाचा पाइप जोडायचा लाल नळ होता, आणि त्याला पाणी वरच्या आळीच्याच लाइनचं. व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय त्यात थेंब नाही. त्यानं बायकोला एवढं सांगितलं. ती म्हणाली, उघडायला किती वेळ लागतो? तो म्हणाला, दोन मिनिटं. मग शेवटच्या गाडीत नाही दिसलात तर मी उतरून वर येईन, म्हणाली. ती धमकी नव्हती. ती यायची.

त्यानं व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. टाकीच्या बाहेरच्या पट्टीवर अकरा फूट पाणी दिसत होतं. बंबाची पाच माणसं होती, त्यांचा मुख्य एक तरणा पण थंड डोक्याचा माणूस. बंबाच्या पोटातलं पाणी त्यांनी जंगलाच्या कडेला आधीच संपवलं होतं. आता भिस्त या नळावर. आग आळीत उतरली तर घराला घर लागून आहे, छपराला छप्पर, थेट चौकापर्यंत पोचेल, असं त्यानं चावीला सांगितलं. चौकात अजून निम्मी माणसं गाड्यांची वाट बघत उभी होती.

पाइप जोडला. तोंड उघडलं. पाणी आलं, पण म्हाताऱ्या बैलासारखं. चार हातांवर जाऊन पडलं.

मुख्य म्हणाला, "काका, व्हॉल्व्ह नीट उघडलाय ना?"

चावीला राग आला, पण रागावायला फुरसत नव्हती. तो खड्ड्याशी गेला, चावी व्हॉल्व्हवर बसवली आणि दांड्याला कान लावला. ही त्याची जुनी पद्धत. लोखंडातनं पाणी ऐकू येतं. एखाद्या घरी नळ चालू असेल तर बारीक शीळ ऐकू यायची, चार घरी असेल तर कुजबुज. आता कानात नुसता धबधबा. सगळी आळी वाहत होती. माणसं गेली होती, नळ राहिले होते. मावशीचं सोडून एकतीस घरांचे नळ, त्यानं सांगितलं होतं तसे, उघडे. पळून टाकीशी गेला, तर पट्टीवर सात फूट. वीस मिनिटांत चार फूट पाणी रिकाम्या घरांच्या मोऱ्यांतनं वाहून गेलं होतं.

तो परत पळाला, चावी खांद्यावरच. उघड्यावरचे नळ त्याला पाठ होते. कुणाचा दारात, कुणाचा पायरीखाली, कुणाचा संडासाच्या भिंतीला. वळणाच्या खालच्या तेवीस घरांपैकी बारांचे त्यानं धावत बंद केले. बाकीचे घरांत, आणि घरांना कुलपं.

चौकात शेवटून दुसरी गाडी भरत होती. शिवणमावशी फळीवर चढून बसली होती, मांडीवर गाठोडं. तो खालनंच ओरडला, मावशी, किल्ल्या दे.

"कशाला?" ती म्हणाली. "लोकांची घरं आहेत."

"नळ चालू आहेत. पाणी संपतंय."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. अकरा अर्जांत तिनं हेच लिहिलं होतं, उघड्या नळांनी पाणी वाया जातं. ती बोलली असती तर तिचा हक्क होता. तिनं गाठोडं शेजारणीच्या मांडीवर टाकलं, साडी खोचली आणि उतरली. किल्ल्या देईना मात्र. म्हणाली, कुठली कुणाची ते तुला कळायचं नाही, मीच येते. चावीच्या बायकोनं शेजारच्या गाडीतनं हे पाहिलं. ती काही म्हणाली, पण इंजिनात ऐकू आलं नाही.

मग त्या दोघांनी घरं घेतली. ती कुलूप काढायची, तो आत घुसायचा. धुरानं घरं काळोखी झाली होती. एका घरी मोरीतली बादली भरून वाहून पाणी बैठकीत आलेलं, त्यात चपला तरंगत होत्या. एका घरी नळाला फडकं बांधलेलं, त्यातनं पिचकारी. एका घरी टीव्ही चालूच होता आणि त्यावर कुणीतरी आगीचीच बातमी सांगत होतं. शाळेच्या शिपायाची किल्ली लागेना. मावशी म्हणाली, मेल्यानं कपाटाची दिली. चावीनं लोखंडी चावी खिडकीत घातली, काच फुटली, हात कापला, आतला नळ आवळला. बाहेर आल्यावर दोघंही खोकत होती. राख आता कोमट लागत होती अंगाला. वर जंगलात झाडं फुटल्याचे आवाज येत होते, मोठ्या लाकडाचे, कडाड करून, आणि त्यामागं एकसारखी घरघर, रिकामा ट्रक चढावर चढत असल्यासारखी.

वळणाखालची तेवीस घरं झाली. पाइपला आता बऱ्यापैकी जोर आला होता, पण पुरेसा नाही. वळणाच्या वर नऊ घरं उरली. त्यातल्या आठांचे नळ वाहत होते. नवव्या घरात नळ बंद होता. ते मावशीचं. टाकीत साडेचार फूट.

चावी वर निघाला, तर मुख्यानं त्याचा दंड धरला. वरच्या शेवटच्या घराच्या कुंपणाला ठिणगी लागली होती, ज्वाळा अजून दिसत नव्हती, नुसती धग. कुणालाही वळणाच्या वर सोडणार नाही, म्हणाला. त्यानं विचारलं, या नऊ घरांचं पाणी इथनंच तोडता येईल का?

येत होतं. टाकीची लाइन आधी वळणावर उतरायची आणि तिथनं एक फाटा परत वर या नऊ घरांना जायचा. त्या फाट्यावर एक वेगळा व्हॉल्व्ह होता, जुना, बारा वर्षं न फिरवलेला. पण वळणाच्या वर बंबासाठी दुसरा लाल नळ होता, तो याच फाट्यावर, आणि खालच्या नळाला जोडलेला बंबाचा पाइप वळणापर्यंतच पोचत होता. व्हॉल्व्ह बंद केला की वरचा नळ मेला. म्हणजे नऊ घरं सोडून दिली. व्हॉल्व्ह गंजलेला, एकदा बंद झाला की वेळेवर परत उघडेल याचा भरवसा नाही. चावीनं हे सगळं सांगितलं. सांगताना त्याची नजर मावशीकडं जाईना.

मुख्य म्हणाला, हा निर्णय मी घेऊ शकतो, पण व्हॉल्व्ह फिरवायचा तुम्हालाच आहे.

तो खड्ड्याशी बसला. झाकण काढलं. चावी आत सोडली आणि तसाच बसून राहिला. नऊ घरं त्याला एकेक करून माहीत होती. सुताराचं, त्याच्या म्हाताऱ्या हातांनी बांधलेलं. दोन भावांचं, मध्ये भिंत घातलेलं. नव्यानं लग्न झालेल्या पोरीचं.

मावशी त्याच्या मागं उभी होती.

"बंद कर," ती म्हणाली.

"मावशी, तुझं घर..."

"दिसतंय मला. चौकात माणसं आहेत. बंद कर."

त्यानं जोर लावला. हललं नाही. बंबाचा एक माणूस आडव्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला लागला. लोखंड किंचाळलं, गंजाची भुकटी उडाली आणि फिरलं. सोळा आटे. त्यानं मोजले, कारण मोजल्याशिवाय त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. सोळाव्याला बंबाचा पाइप सापासारखा ताठ झाला आणि दोन माणसांनी धरलेला तिसऱ्याला धरावा लागला. पाणी वळणावरच्या घरांच्या छपरांवर, भिंतींवर, रस्त्यावर, झाडांवर. वर, पलीकडं, पहिल्या घरानं पेट घेतला. मग दुसऱ्यानं. मावशी बघत होती. मग म्हणाली, चल आता, तुझी बायको उतरायच्या आत.

आग वळणावर थांबली. संध्याकाळी सहाच्या सुमाराला वारा पडला. तोवर सगळी वस्ती खालच्या गावच्या शाळेत, वर्गावर्गात सतरंज्या टाकून बसलेली. मुख्याचा निरोप आला. वळणाखालची घरं शाबूत. वरच्या नवांपैकी सहा गेली, तीन राहिली. मावशीचं गेलं. दोन भावांचं राहिलं, भिंतीसकट.

निरोप सगळ्यांनी ऐकला, पण पाणी कुणी तोडलं हे निरोपात नव्हतं. चावीची बायको म्हणाली, गप बसा, आज नको, माणसं होरपळलेली आहेत. त्यानं भाकरीचा तुकडा हातात धरला होता, तो खाली ठेवला आणि उठला. मावशी सोडून बाकी पाचही घरच्यांकडं एकेकाकडं गेला. उभा राहून सांगितलं, वळणावरचा व्हॉल्व्ह मी बंद केला, तुमच्या घराला पाणी मिळू दिलं नाही. कुणी रडलं. एकानं अंगावर धावून येऊन गचांडी धरली आणि सोडून दिली. नव्या लग्नाच्या पोरीनं विचारलं, किती वाजता? जणू वेळ कळली तर काही बदलणार होतं. त्यानं वेळ सांगितली.

शेवटी सुतार. सत्तरीचा, भिंतीला टेकून बसलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझा नळ चालू होता. तू सांगितलं होतंस, उघडा ठेवा."

"सांगितलं होतं."

"मग पाणी त्यानंच गेलं?"

"सगळ्यांच्याच नळांनी गेलं. पण सांगितलं मी होतं."

मग सुतारानं विचारलं, आता काय करायचं, उघडा ठेवायचा की बंद. टोमणा नव्हता तो. म्हातारा खरंच विचारत होता, परत घर बांधायचंच होतं त्याला, आणि नळ कसा बसवायचा ते आधी ठरवायला लागतं.

चावी म्हणाला, घरात माणूस असेल तर उघडा, घराबाहेर पडताना बंद.

"आणि हवा धरली, सांधे फुटले?" कुणीतरी मागनं विचारलं. मधल्या आळीतल्या बाईचा आवाज.

"फुटू दे. मी काढीन," तो म्हणाला, आणि सुताराशेजारी खाली बसला.