छपराला रकाना नाही

आमचा दादा इसाबिऱ्ये, बुसोगा भागातल्या आमच्या गावच्या शाळेचा हेडमास्तर. सरकार पोरामागे शिलिंग पाठवतं, तेही शाळा सुरू होऊन महिना गेल्यावर. आले की दादा आकडा दाराबाहेर लावायचा, तसा नियमच आहे. मग बाया मागं लागायच्या, "मास्तर, एवढे आले, तरी तिसरीचं छप्पर गळतंय कसं? तुमच्या पोटात गेले का?"

दादा म्हणायचा, "अगं बायांनो, निम्मे पुस्तकांचे, थोडे खेळाचे. छपराला रकानाच नाही. इकडचे तिकडे केले तर मी तुरुंगात जाईन."

म्हणून हा शहाणा स्वतःच पत्रा ठोकायला चढला, आणि वरून पडून जिवानिशी गेला.

मातीच्या दिवशी जिल्ह्याचा साहेब आला. म्हणतो, "ताई, फार वाईट झालं. पण खेळाचे पैसे उरलेत, चेंडू घेतले नाहीत तर परत जातील."

मी म्हटलं, "घ्या की. गळतंय तिथं लावा."

मातीला आलेल्यांनी टोपलीत पैसे टाकले होते, थडग्याच्या सिमेंटसाठी. मी त्या पैशांचे तिसरीसाठी पत्रे आणले. काल साहेबाचा निरोप आला, पत्रे चढवायला अर्ज करा, हेडमास्तरच्या सहीनं. नवा हेडमास्तर अजून दिलेला नाही. पत्रे माझ्या अंगणात पडलेत.