सैल कापूस

माझा नवरा यतीन डँडेनॉन्ग उपनगरातल्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळतो. सिगारेट सोडायला म्हणून त्याने व्हेप, म्हणजे वाफेची ई-सिगारेट मागवली, तीही अशी की आत तापणारी कॉइल आणि लिक्विड शोषणारा कापूस आपणच बसवायचा. आठ तास तेच करून याचं मन भरत नाही बहुतेक.

शनिवारी दुपारी तो गॅरेजमध्ये बसला. कॉइल त्याने बघत राहावी अशी गुंडाळली, पण कापूस मागवायलाच विसरला होता. सासरे तोंडाच्या कॅन्सरने गेल्यापासून सासूबाई आमच्याकडे असतात. त्यांच्या पूजेच्या डब्यातली एक वात त्याने उचलली, कॉइलमधून ओवली, टाकीत लिक्विड भरलं आणि झुरका घेतला. जळक्या कापसाने त्याला असा ठसका लागला की आम्ही दोघी धावत गेलो.

"हे काय आहे रे?" आईंनी विचारलं.

"सिगारेट सोडायचं यंत्र आहे, आई."

त्यांनी चष्मा लावून आत पाहिलं. "वात फार घट्ट वळलेली आहे. हिला आतलं पाणी पुरेसं ओढता येत नाहीये." त्यांनी डबा आणून कोरा कापूस पिंजला आणि कॉइलमधून सैलसर ओवून दिला. या वेळी वाफ स्वच्छ आली. यतीन खूश झाला. म्हणाला, "आता तूच बसवून देत जा."

आई हसल्या नाहीत. "तुझ्या बाबांना तंबाखूही मीच मळून द्यायचे," त्या म्हणाल्या आणि कापसाचा डबा उचलून आत गेल्या.