जुना माल न्हाय

"जुन्या गोळ्या आहेत का?" असं कुणी विचारलं की खाला आधी बरणीचं झाकण घट्ट फिरवायची आणि मग गिऱ्हाइकाकडे बघायची.

"जुना माल न्हाय. परवाच अलिबागवरनं आणलाय."

मग ते गिऱ्हाईक, बहुधा टोपी आणि अर्धी चड्डी घातलेलं मुंबईचं प्रौढ गिऱ्हाईक, बरण्यांकडे बोट दाखवून म्हणायचं, "अहो, ह्याच की. आमच्या लहानपणीच्या."

"तुमच्या लहानपणीच्या आता कशा ऱ्हातील? ह्या परवाच्या हायत."

रेवदंड्याच्या बाजारात, शाळेसमोर, तिचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यात एकच भिंत होती. त्यामुळे हा संवाद मी कित्येक वर्षं फुकटात ऐकला. खाला जुन्या (तिच्यासमोर हा शब्द वापरला नसता) व्यापारी मुसलमान घरातली. नवरा लवकर गेला, मुलगा कुवेतला, सून तिच्याजवळ. घरी काही कमी नव्हतं. मुलगा फोन करून सांगायचा, की आता दुकान बंद कर आणि आराम कर. ती म्हणायची, बसून माणूस सादळतो.

सादळणं हा तिच्या आयुष्यातला एकमेव शत्रू. आमच्याकडे खाडीवरनं वारा सुटला की कुरकुरीत म्हणून जे काही असतं ते संध्याकाळपर्यंत मऊ पडतं. पापड सादळतात, काडेपेटी सादळते, माझ्या दुकानातला कागद सादळून मशीनमध्ये अडकतो. खालाच्या दुकानात मात्र काही सादळायचं नाही. पिवळ्या नळ्या, पोरं दहा बोटांत घालून खातात त्या, ती रोज सकाळी कानाशी धरून मोडायची. नीट आवाज आला तर बरणी पुढे. नाही आला तर अख्खी बरणी मागल्या दारी कोंबड्यांना. रेवदंड्यात सगळ्यात लाडावलेल्या कोंबड्या तिच्या होत्या.

बाकी मालाचं तुम्हाला ठाऊक आहेच. लिमलेटच्या गोळ्या, बडीशेपेच्या गोळ्या, चिंचगोळ्या, बोरकूट, आवळासुपारी, टोकाला लाल रंग असलेल्या सिगारेटच्या गोळ्या. पाकिटावर छापलेल्या तारखेवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. छापणाऱ्याला काय ठाऊक माझ्या दुकानात वारा कुठनं येतो, असं तिचं म्हणणं. माझ्या धंद्यावरही तिचा विश्वास नव्हता. "एकाचं दोन करतोस आन् दोन्ही खरं म्हणून देतोस," असं ती गिऱ्हाइकांसमोर म्हणायची. मला नावाने हाक तिने कधी मारली नाही. मी झेराक्स.

शनिवार-रविवारी आमच्या रस्त्याने काशीद-मुरुडला जाणाऱ्या गाड्या थांबू लागल्या तशी आम्हाला एक नवीन जमात बघायला मिळाली. आठवण काढणारी माणसं. ही माणसं दुकानात शिरली की आधी "अय्या" म्हणतात, मग फोटो काढतात, मग एकमेकांना सांगतात की आता हे कुठे मिळत नाही. हे ती माणसं दुकानात उभी राहून, हातात गोळी धरून सांगतात. "अजून मिळतं का हो हे?" असं एका बाईंनी बोरकूट चाटता चाटता विचारलं होतं. खाला म्हणाली, "तुमच्या तोंडात काय हाय मग?"

एक गृहस्थ दहाही बोटांत नळ्या घालून रस्त्यात उभे राहिले. बायको फोटो काढत होती. तेवढ्यात त्यांना फोन आला आणि तो घ्यायला एकही बोट मोकळं नव्हतं. दुसऱ्या एकाने श्रीखंडाची गोळी चघळून मान हलवली आणि फार दुःखाने जाहीर केलं, की ती चव आता राहिली नाही. खालाने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि कवळी नवी आहे का, असं विचारलं. कवळी नवी होती.

या सगळ्यांत एक गंमत कुणाच्या लक्षात येत नव्हती. मधल्या सुट्टीत शाळेची घंटा झाली की समोरून पोरांचा लोंढा यायचा आणि ह्याच बरण्यांवर तुटून पडायचा. त्यांना ह्यात जुनं काही वाटत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने चिंचगोळी आजच निघालेली होती. खालाही त्यांच्याशी बोलताना वेगळी असायची. शिंगाड्यासारखा टोचरा तिचा स्वभाव, पण पोर खोकत असेल तर बोरकूट द्यायची नाही, बडीशेपेची गोळी हातावर ठेवायची. खालाकडचं खाऊन पोराला बाधत नाही, हा गावाचा विश्वास होता. तिची कमाई म्हणाल तर एवढीच, आणि ती कमाई जाईल ह्याची तिला धास्ती असायची.

रमजानमध्ये मात्र तिची पंचाईत व्हायची. रोजा असताना माल चाखायचा कसा? ते काम माझ्याकडे होतं. सकाळी भिंतीवर टकटक झाली की मी तिकडे जायचो. ती प्रत्येक बरणीतलं एकेक माझ्या हातावर ठेवायची आणि तोंडाकडे बघत राहायची. एकदा मी गोळी चघळताना भावूक होऊन म्हणालो, की खाला, तिसरीत असताना तू मला ही गोळी दिली होतीस.

"आठवण नको सांगू. ताजं हाय का ते बोल."

मी ताजं आहे म्हणालो. त्यापलीकडे तिला माझ्याकडून काही नको होतं.

आता आमच्या बॅचबद्दल सांगायला हवं. शाळेतल्या आमच्या वर्गाचा एक ग्रुप आहे. सकाळी फुलं, संध्याकाळी दिवे आणि मधल्या वेळात 'ते दिवस' असा त्याचा दिनक्रम. त्याचा अॅडमिन ठाण्याला राहतो. शाळेत असताना हा खालाकडून कधी काही घ्यायचा नाही, कारण त्याच्या घरी बाहेरचं खाणं वर्ज्य होतं. त्यामुळे की काय, त्याला लहानपणीच्या खाऊची आठवण आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त यायची. त्याने गेट-टुगेदर ठरवलं आणि त्यात खालाला सरप्राइज द्यायचं ठरवलं. सरप्राइज काय, ते मलाही सांगितलं नाही.

मंडळी लाँचने रेवसला उतरली आणि रिक्षा करून आली. सगळ्यांनी सारखे टी-शर्ट घातले होते, त्यामुळे पोटं वेगवेगळी दिसत होती. खाला नमाजासाठी आत गेलेली असताना दोघांनी माझीच शिडी घेऊन तिच्या दारावर एक लांबलचक बोर्ड चढवला. भोवरा, गोट्या, विटीदांडू यांची चित्रं आणि मधोमध हातभर अक्षरांत: खालांचा जुना खाऊ.

वाचून मी शिडीकडे धावलो. काही बोलणार तोवर खाला बाहेर आली. तिचं शिक्षण उर्दू शाळेतलं. मराठी ती एकेक अक्षर लावून वाचायची. सगळे मोबाइल उगारून तिच्या डोळ्यांत पाणी यायची वाट बघत होते आणि ती मान वर करून वाचत होती. जु, ना. तिथे ती थांबली. मग खरंच तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तो व्हिडिओ ग्रुपवर आजही फिरतो. खाली लिहिलंय, आनंदाश्रू.

पाहुण्यांनी आणलेली वस्तू त्यांच्यादेखत काढायची नाही, ही तिच्या घरची रीत. तिने बरणी उघडली. सगळ्यांच्या हातावर एकेक गोळी ठेवली आणि बसून राहिली.

पुढचा आठवडा मी विसरणार नाही. शाळेतल्या एका पोराच्या पोटात दुखलं. त्याने आदल्या दिवशी शेजाऱ्याच्या वाडीतल्या कच्च्या कैऱ्या तिखटमीठ लावून खाल्ल्या होत्या, पण बोर्ड काही कैरीच्या झाडावर लागलेला नव्हता. त्याची आई, सुकट वाळत घालता घालता उठून आलेली कोळीण, दुकानासमोर उभी राहिली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती नुसती आश्चर्याने बोर्डाकडे बघत होती.

"काय गो खाला, तू जुनं इकतंस पोरांना? आन् बोर्ड लावून?"

खालाने बरणीचं झाकण घट्ट फिरवलं. ज्या बाईने आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही, ती नुसती झाकणच फिरवत राहिली. ते बघून मला फार वाईट वाटलं. अॅडमिन समोर असता तर मी त्याच्या टी-शर्टाला हात घातला असता.

त्यानंतर मधल्या सुट्टीत पोरं समोरच्या फाटकातूनच परत फिरायला लागली. आया बजावून पाठवत होत्या. आणि शनिवार-रविवारी मात्र दुकानासमोर ही गर्दी. 'जुना खाऊ' म्हटल्यावर माणसं गाडी वळवून यायला लागली. बोर्डाखाली फोटो काढायची, पुड्या भरभरून न्यायची. खाला सोमवारी सकाळी किनाऱ्यावर चालायला जायची, तर सुरूच्या झाडांखाली तिला तिच्याच पुड्या सापडायच्या. एक घास खाऊन टाकलेल्या. धंदा दुप्पट झाला होता आणि बाई अर्धी झाली होती.

रमजान सुरू झाला. पहिल्याच सकाळी भिंतीवर टकटक झाली. मी गेलो तर ती म्हणाली, शिडी आण.

मी माझ्या मशीनवर मोठ्या अक्षरांत 'ताजा' छापून काढलं आणि 'जुना'वर चिकटपट्टीने डकवलं. एकाचं दोन करण्याचा धंदा एकदाचा तिच्या कामी आला. तिने खालून अक्षर लावून वाचलं, पट्टी वाकडी लागलीय म्हणाली आणि मला पुन्हा चढवलं. तेवढ्यावर ती थांबली नाही. माझ्या दुकानातला स्टूल तिने रस्त्यात, शाळेच्या फाटकासमोर ठेवला आणि मला बसायला सांगितलं. मी कशाला, असं विचारलं.

"माजा रोजा हाय. मी कशी खानार? तू खा. पोरांच्या म्होरं खा."

घंटा झाली. पोरं बाहेर आली आणि बघतात तर झेरॉक्सवाला काका, डोक्यावर टक्कल, नाकावर चष्मा, भर रस्त्यात स्टुलावर बसून नळ्या खातोय. खाला शेजारी उभी राहून बरण्या पुढे करतेय. नळ्या झाल्यावर चिंचगोळी, चिंचगोळी झाल्यावर बोरकूट. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीत माणसं गोळा झाली. खालाच्या तोंडात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता आणि ती माझ्या जबड्याकडे असं बघत होती, जसा वकील साक्षीदाराकडे बघतो. हे एक दिवस नाही, बरेच दिवस चाललं. माझं पोट बिघडलं असतं तर तिचा धंदाच बसला असता, म्हणून ती संध्याकाळी मला घरून सूप पाठवायची.

आधी एक पोरगी आली. मग दोघं. मग ती सुकटवाली आली, माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाली, ह्याला काय झालं न्हाय तर आमच्या पोराला काय व्हणार. तिने स्वतः एक नळी मोडून खाल्ली आणि पोराला पुढे ढकललं. ईदच्या आत मधली सुट्टी पहिल्यासारखी गजबजली. मला स्टुलावरून सुट्टी मिळाली ती वेगळीच.

बोर्ड बदललेला पाहून अॅडमिनचा फोन आला. म्हणाला, सगळा फीलच घालवलास. 'ताजा'च्या फोटोला कुणी विचारत नाही. खरंच होतं. गाड्या थांबेनाशा झाल्या. खालाला त्याचं सुखच वाटलं.

गेल्या थंडीत खाला गेली. आदल्या दिवशी अलिबागहून माल आणला होता, बरण्या भरल्या होत्या, सकाळी उठली नाही. दफनाला शाळा सोडली होती. मला अजून सकाळी भिंतीकडे बघायची सवय आहे आणि ती मोडवत नाही.

ग्रुपवर शोककळा पसरली. एका युगाचा अंत झाला, ते दिवस गेले, ती चव गेली, असं सगळ्यांनी लिहिलं. आनंदाश्रूंचा व्हिडिओ पुन्हा फिरला. अॅडमिनने एक कल्पना मांडली: तिच्या हातची शेवटची भरलेली एक बरणी तशीच्या तशी मागून घ्यायची, काचेच्या पेटीत ठेवायची आणि पुढच्या गेट-टुगेदरला मांडायची. आठवण म्हणून. मला सांगितलं, तू शेजारीच आहेस, तू जा.

मी गेलो. सुनेने चौथ्या दिवशीच दुकान उघडलं होतं. सासूने सांगून ठेवलं होतं म्हणे, माल अडकवायचा नाही. मधली सुट्टी संपून तासभर झाला होता. मी चाचरत विचारलं, की खालाने भरलेल्या बरण्यांपैकी एखादी मिळेल का. सून म्हणाली, "भाईजान, त्यातलं काय बी न्हाय ऱ्हायलं. मगाशीच पोरांनी संपवलं." आणि तिने रिकाम्या बरण्या दाखवल्या. धुऊन, पुसून, उन्हाला पालथ्या घातलेल्या.

मी ग्रुपवर लिहिलं, खालाच्या हातचं आता काहीही शिल्लक नाही, पोरांनी सगळं खाल्लं. त्याखाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. मला मात्र ती गेल्यापासून पहिल्यांदाच बरं वाटलं.